तीस कोऱ्या बशा

तीसच्या तीस बशा कोऱ्या निघाल्या. एकीतही जंतूंचा ठिपका नव्हता.

साहेब खूश झाले. यान मंगळाकडे निघायचं होतं. शनिवारी त्याचं झाकण कायमचं बंद होणार होतं आणि जंतूंच्या तपासणीचा कागद तेवढा सहीवाचून अडला होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलंसुद्धा. तिने ते घेतलं नाही. शून्य कधी येत नाही, असं ती म्हणाली. कमी आले म्हणून तक्रार करणारी माणसं आपण आज पहिल्यांदा पाहिली, असं साहेब म्हणाले.

तिला सगळे जंतूताई म्हणत. आपल्याकडचे जंतू दुसऱ्या ग्रहावर न्यायचे नाहीत, असा सगळ्या देशांनी मिळून नियम केला आहे. उद्या तिकडे काही जिवंत सापडलं, तर ते तिकडचंच की यान जोडायच्या आपल्याच खोलीतून गेलेलं, हे कळायला नको? म्हणून ती ओल्या बोळ्याने यानाचा तळहाताएवढा चौकोन पुसायची. बोळ्यावरचं पाण्यात उतरवायची, ते पाणी तापवायची आणि बशीत घालून तीन दिवस उबेला ठेवायची. इतकं तापवूनही जे चिवट उरतात, ते बशीत ठिपके होऊन उगवतात. ते मोजायचे. सुनेला कचरा मोजायचा पगार मिळतो, काढायचा नाही, असं तिच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घरातल्या ओट्याकडे बघता त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

आधी तिने स्वतःची चूक शोधली. एका जास्तीच्या बशीत तिने मुद्दाम जंतू सोडले होते. तिथे ठिपक्यांची नुसती दाटी झाली होती. म्हणजे बशा चांगल्या होत्या, ऊबही बरोबर होती. घोळ यानापाशीच झाला होता.

मग तिने कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. कुठले चौकोन पुसायचे त्याचा नकाशा ती आदल्या दिवशी खोलीच्या दाराशी चिकटवायची, कामात कुणाची अडचण नको म्हणून. चित्रणात ती आत येण्याआधी दहा मिनिटं एक पांढरा पोशाख आत आला. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली सगळी माणसं सारखीच दिसतात, पण डाव्या अंगाला कललेली ती चाल फक्त मामांची. मामा यानाचे सगळ्यात जुने फिटर. त्यांनी खिशातून नकाशाची नक्कल काढली. मग प्रत्येक चौकोन फडक्याची नवी घडी घालून चार-चार वेळा पुसला. नेमके तेच तीस. बाकीच्या यानाला हातही लावला नाही. पाहुणे बसणार तेवढीच खुर्ची पुसावी, तसं.

तिला हसू आलं आणि रागही आला. कारण तिला माहीत होतं. आकडा वर गेला तर यान पुन्हा सुटं करून भट्टीत तापवायचं, तेवढ्यात निघायचा मुहूर्त टळायचा आणि पुढचा सव्वीस महिन्यांनी यायचा. मामा वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. आठ वर्षं या यानाचा एकेक स्क्रू त्यांनी पिळला होता. ते सुटताना बघायला मामा नसते. कुणाचाही धीर सुटला असता. पण म्हणून खोट्यावर सही कशी करायची?

तिने साहेबांना एवढंच सांगितलं, की चौकोन आधीच पुसले गेले होते, नमुने परत घ्यावे लागतील. कुणी पुसले ते सांगितलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. यान थांबलं तर वर काय तोंड दाखवायचं, असं ते दोनदा म्हणाले. तिने त्याच दिवशी नकाशा न लावता, तिसऱ्याच जागांवरून तीस नमुने घेतले. पुढचे तीन दिवस मामा तिच्या नजरेला नजर देईनात.

शुक्रवारी सकाळी बशांत एकोणीस ठिपके होते. तिने ते तीनदा मोजले. नियमाप्रमाणे चौरस मीटरला तीनशेपर्यंत चालतात. हिशेब त्रेसष्टवर थांबला. जंतू निघाले म्हणून मोठमोठी माणसं टाळ्या वाजवतायत, असं त्या इमारतीत पहिल्यांदाच घडलं. तिने सही केली. अक्षर चांगलं आलं.

मामा तिला कपडे बदलायच्या खोलीत एकटे सापडले. तिने दार लोटून घेतलं.

"मामा, एवढा कसला धीर सुटला? यान थांबेल म्हणून नियमच पुसून टाकायचा?"

मामांनी हातमोजे काढले, नीट घडी करून टोपलीत टाकले.

"यान कशाला थांबतंय, ताई? गेल्या यानाच्या वेळी आकडा खरंच वर गेला, तेव्हाही ते वेळेवरच सुटलं. घरी बसवलं ते तुमच्या आधीच्या बाईंना."