पहिला घोट

मुख्य जलवाहिनी फुटली की घरात पाण्याचा पहिला घोट आप्पांचा. उकळूनही न मरणारे जंतू ओळखणारी चकती घरटी एकाच्याच जिभेत बसवून मिळे. ती बसवायची वेळ आली तेव्हा मुलगा दिगंबर म्हणाला होता, "आप्पांच्याच बसवा. त्यांना कुठे कामावर जायचंय?"

घोट गिळल्याशिवाय चकती बोलत नसे. आजही आप्पांनी गिळला. जिभेला मुंग्या डसल्या.

"खराब आहे," ते म्हणाले.

"मेलं हे पाणी!" म्हणत सुनेनं हंडा मोरीत उपडा केला. आप्पांच्या पोटात गेलेल्या घोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मागे अशाच एका घोटानं ते दवाखान्यात आडवे झाले होते, तेव्हाही दिगंबरनं डॉक्टरांना एवढंच विचारलं होतं, "चकती शाबूत आहे ना?"

आता तो टँकरवरून कळशी भरून घेऊन आला. "चाखा लवकर. घसा कोरडा पडलाय आमचा."

आप्पांनी घोट गिळला. मुंग्या पुन्हा कडकडून डसल्या. ते मुलाच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिले.

"गोड आहे रे अगदी," ते म्हणाले. "प्या पोटभर."