शी!

पाचवा दिवस उजाडला तरी अडीच वर्षांच्या रुंजीला शी झाली नव्हती. ती दाराआड पाय आवळून, लालबुंद होऊन धरून ठेवायची. आईनं मनुकांचं पाणी पाजलं, पपई भरवली, डॉक्टरांचं औषधही चालू होतं.

दुपारी रुंजीनं बाहुलीला पॉटीवर बसवलं. नाक मुरडून हुबेहूब आईच्या सुरात म्हणाली, "शी! घाण कुठली!" मग तिला पोटाशी धरून कुजबुजली, "करू नको हं. आईला आवडत नाही."

दारात उभ्या आईच्या हातातला पपईचा चमचा तसाच राहिला.

संध्याकाळी आई पॉटीशेजारी फरशीवरच मांडी घालून बसली, गाणी म्हणत. बऱ्याच वेळानं रुंजी पॉटीवरून उठली आणि आधी आईच्या नाकाकडे पाहू लागली.

"झाली की गं शी!" आईनं हसत टाळ्या वाजवल्या.

रुंजी तशीच पळाली, बाहुलीला आणायला.