पाहुण्यांची बाजू

भाषणानंतर गाणंही म्हणावं लागतं, हे कारिनने बापाला माओरी सभाघराच्या फाटकाशी आल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मर्विन डेटमर गाडीतून उतरलाच नसता.

"मी फक्त गाईंसमोर गातो," मर्विन म्हणाला.

"मग तेच म्हण, बाबा. गाईंनी कुठे तक्रार केलीय?"

मर्विनने अंत्यविधीला घालायचा कोट घातला होता. त्याच्याकडे तेवढा एकच होता. त्याचा सगळा जन्म तारानाकी डोंगराच्या पायथ्याशी दूध काढण्यात गेला होता. शेतापासून या फाटकापर्यंत यायला गाडीला फारसा वेळ लागत नाही. डेटमर घराण्याला पाच पिढ्या लागल्या होत्या.

याला कारण कारिनच. घराण्याचं मूळ शोधायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि मर्विनचा खापरपणजोबा हाइनरिख सापडला. जर्मनीहून बायको आणि तान्हं पोर घेऊन आलेला. बोटीतून उतरला तो थेट वसाहतीच्या शिबंदीत भरती झाला, कारण शिपायाला जमीन मिळत होती. ती इथल्या मूळच्या माओरींकडून हिसकावलेली होती, हे भरती करणाऱ्यांनी काही सांगितलं नसावं. पहिल्याच हिवाळ्यात हाइनरिख जंगलात गेला तो परत आला नाही. सरकारने त्याला लढाईत पडलेला ठरवलं. चर्चच्या भिंतीवर त्याचं नाव कोरलं आणि शेत त्याच्या विधवेला दिलं.

कारिनला पूर्वज सापडल्याचा आनंद झाला. मर्विनची मात्र झोप उडाली. आपल्या गाई चरतात ते कुरण कुणाचं, हे कळल्यावर त्याला स्वतःच्या घरातलं लोणी गोड लागेना. या लोकांची माफी मागायची आणि हाइनरिखची हाडं कुठे पडलीत ते विचारायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. ते हाकलून देतील, अशी त्याला धास्ती होती. हाकलून दिलं तर बरं होईल, असंही मधूनच वाटत होतं.

आतून एका म्हातारीने लांब, चढत्या आवाजात हाक घातली. तिचं नाव ते-रीना, इथल्या घराण्यातली सगळ्यांत वडील बाई. त्या हाकेमागून दोघं हळूहळू आत चालत गेली आणि पाहुण्यांच्या बाकावर बसली. समोर ओसरीखाली घरची माणसं बसली होती. मधे नुसतं गवत. मातिऊ नावाच्या म्हाताऱ्याने काठी टेकत बराच वेळ भाषण केलं. मग सगळे मर्विनकडे बघू लागले.

तो उठला. पाठ केलेलं सगळं विसरला.

"माझा खापरपणजोबा तुमच्यावर बंदूक घेऊन आला होता. त्याबद्दल आम्हाला तुमची जमीन मिळाली, आणि आम्ही ती मुकाट्याने खाल्ली. मी माफी मागायला आलोय. तो कुठे पडलाय हे कुणाला माहीत असेल, तर तेही सांगा."

समोर कुणाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. एकाने कान खाजवला. कारिनने बापाला कोपराने ढोसलं.

मर्विनने घसा साफ केला आणि रोज संध्याकाळी गोठ्यापाशी म्हणतो ते गाणं सुरू केलं. आजोबांनी शिकवलेलं, जर्मन. घरात त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. ते ऐकून गाई घरी येत, तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

दुसऱ्या ओळीला सभाघरामागच्या स्वयंपाकघरातून दोन बायकांचे आवाज मिसळले. मग समोरचा सगळा बाक गाऊ लागला. मातिऊही, काठीने ठेका धरून. शब्द झिजून गुळगुळीत झाले होते, चाल तीच होती. मर्विन थांबला. ते थांबले नाहीत. तिसरं कडवं मर्विनला येत नव्हतं, त्यांना येत होतं.

गाणं संपल्यावर ते-रीना गवत ओलांडून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आम्ही हे पोरांना जेवायला बोलवताना म्हणतो," ती म्हणाली. "हाइनरिखने कुणावर गोळी झाडली नाही रे. तो पळून आमच्याकडे आला. निदान बंदूक तरी आणायची, तर ती वाटेत हरवून आला. माझी पणजी त्याची इथली बायको. सात पोरं झाली त्यांना. चांगला म्हातारा होऊन मेला. मागच्या टेकडीवर पुरलाय, गवत आम्हीच काढतो."

एवढं सांगून तिने त्यांच्या रीतीप्रमाणे त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. मर्विन मटकन बाकावर बसला आणि रडू लागला. बाजूला कारिनही डोळे पुसत होती. समोरची माणसं जेवायला उठली होती.

जरा वेळाने तो म्हणाला, "पण जमीन तर आम्ही खाल्लीच ना? त्याचं काय?"

"त्याचं बोलायचंय. पुष्कळ बोलायचंय," ते-रीना म्हणाली. स्वयंपाकघरातून आलेल्या बाईच्या खांद्यावरचं फडकं तिने ओढून घेतलं आणि मर्विनच्या मांडीवर टाकलं. "पण तू चुकीच्या बाजूला बसलायस. पाहुणे बसतात. घरचे भांडी पुसतात. ऊठ."