दहा टक्के उजेड

भिंतीवर बसवायचा एक गोल पांढरा फिरवायचा खटका, म्हणजे डिमर.

जयंतीच्या हातून चहात दोनदा पडलेली साखर.

बेडरूमचे पडदे, सांगानेरी छापाचे, मागून जाड अस्तर लावलेले.

दुधाच्या पिशवीत दाराला लटकवलेली किल्ली.

मुलाचं, संकेतचं फोनवरचं वाक्य: "तुम्ही दोघंही धड असेपर्यंत राहा तिथे. मग मात्र फ्लॅट विकायचा आणि पुण्याला यायचं."

दुकानदाराने टेबलावर दोन बल्ब ठेवले.

"बाबूजी, ये सादा एलईडी है. डिमर पे लगाओगे तो टिमटिमाएगा. ये वाला डिमेबल है, आराम से कम-ज्यादा होता है."

"कितना कम होता है?" उमाकांतने विचारलं.

"दस परसेंट तक. डिब्बे पे लिखा है, देख लो."

उमाकांतने खोकं जयंतीपुढे धरलं. "वाच बरं. माझा चष्मा घरी राहिलाय."

"तुम्हीच वाचा. माझाही घरीच आहे."

शेवटी दुकानदारानेच वाचून दाखवलं. पिवळसर उजेडाचे घ्या, पांढरा डोळ्यांना टोचतो, असंही त्याने सांगितलं. मग हसून विचारलं, "सालगिरह है क्या?"

"छे हो भैया," जयंती म्हणाली. "सारी उमर ट्यूबलाइट के नीचे काढली. आता म्हातारपणी ह्यांना मंद उजेड सुचतोय!"

उमाकांत हसला. हसायचाही कंटाळा आला होता. पांढऱ्या ट्यूबभोवती त्याला हल्ली उजेडाची मोठमोठी कडी दिसत. जयंतीला त्याने सांगितलं होतं, तुझं डोकं दुखतं ना, म्हणून हे बल्ब. तीही लगेच हो म्हणाली होती. मतलब, एक प्रश्नसुद्धा न विचारता.

डॉक्टरांना तो एकटाच भेटून आला होता. डावा डोळा गेलाच आहे, ते म्हणाले होते. उजवाही एखाद्या संध्याकाळी जाईल. आधी काही जाणवणार नाही.

हे जयंतीला कळलं तर संकेतला कळणार. संकेतला कळलं की विद्याधर नगरातला हा फ्लॅट जाणार. बँकेने बदली करून इथे, हिंदी मुलखात, पाठवलं तेव्हा दोघं रडकुंडीला आली होती. आता पुण्यात त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. इथे निदान भाजीवाला हाक मारायचा.

वायरमन भिंत फोडणार, धूळ होणार, म्हणून बल्ब आणि किल्ली वरच्या मजल्यावरच्या कीर्तीकडे देऊन दोघं बागेत जाऊन बसली. डिसेंबरचं ऊन लवकर उतरलं. परत येताना जयंतीने त्याचा दंड धरला होता. हल्ली ती नेहमीच धरायची. त्याला ते बरं वाटायचं. दोघं अशी चालली की कोण कुणाला नेतंय ते लोकांना कळत नाही.

किल्ली पिशवीत होती. कीर्ती बाहेर गेली असावी. उमाकांतने चाचपून कुलूप काढलं. बाल्कनीतून हॉलमध्ये थोडासा करडा उजेड येत होता. घर नेहमीपेक्षा शांत वाटलं.

"आधी नवा दिवा बघू," तो म्हणाला. "चहा मग."

बेडरूममध्ये पडदे ओढलेलेच होते. जयंती पलंगाच्या कडेवर बसली.

"दार लावा हो. त्याशिवाय काय कळणार?"

त्याने दार लावलं. भिंतीवर हात फिरवला. बोटांना ओलसर सिमेंट लागलं, मग खटका. त्याने तो फिरवला. टक् असा आवाज झाला.

काहीच दिसलं नाही.

त्याचा हात तिथेच थांबला. डॉक्टरांनी सांगितलेली संध्याकाळ हीच होती तर.

"वा!" जयंती म्हणाली. "काय छान आहे हो. डोळ्यांना जराही त्रास नाही."

त्याने खटका पूर्ण फिरवला. काळोख तसाच राहिला.

"आता जास्त झाला. कमी करा थोडा."

त्याने कमी केला.

"हां. बस. एवढाच ठेवा. पडद्यावरची फुलं बघा ना, या उजेडात जुनी वाटतच नाहीत."

"हो," उमाकांत म्हणाला. आवाज नीट निघाल्याचं त्याला आश्चर्य वाटलं. "छान दिसताहेत."

भिंतीच्या आधाराने तो पलंगापर्यंत आला आणि तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा हात शोधून धरला. तिची बोटं गार पडली होती.

बाहेर कोणीतरी दार ठोठावत होतं. एकदा, मग पुन्हा, जरा जोरात.

"बेल असताना दार कसलं बडवतात!" जयंती म्हणाली. "येतील मागाहून."

दोघांपैकी कोणीच उठलं नाही. ठोठावणं थांबलं. जिन्यावर पावलं वाजली आणि वर निघून गेली.

तिला सांगायचं कसं, याची तो जुळवाजुळव करत होता. मग त्याचाही कंटाळा आला.

"जयंती, उद्या संकेतला फोन करतो. फ्लॅटला गिऱ्हाईक बघ म्हणून सांगतो."

ती का म्हणून विचारेल, भांडेल, असं त्याला वाटलं होतं.

"करा," ती म्हणाली. "मीही तेच म्हणणार होते."

"दिवा राहू दे का?"

"राहू द्या की. चांगला आहे."

दुपारी किल्ली परत देताना वायरमनने कीर्तीला सांगितलं होतं की भिंतीतलं सिमेंट अजून ओलं आहे, म्हणून घरातला मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद ठेवले आहेत. सकाळी चालू करायला सांगा.