हात कुणाचा

मंडईमागच्या दुकानात रंगनाथ चाळीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत होते. ‘जमणार नाही’ असं त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं.

पूर्वाच्या जुन्या गिटार-अ‍ॅम्पचा आवाज घुमत नव्हता. आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगांची पेटी त्यांनी सोडवून टेबलावर ठेवली आणि सवयीने माइकमध्ये म्हणाले, “हॅलो.”

“हॅलो... हॅलो...” अ‍ॅम्प गाभाऱ्यासारखा घुमला.

“काका, झालं की!” पूर्वाने टाळीच वाजवली.

पेटी टेबलावरच होती. तिच्या वायरी सुट्या लोंबत होत्या. रंगनाथांनी ती मुकाट्याने फडक्याखाली सारली, अ‍ॅम्पचा प्लग काढला आणि मान ताठ केली.

“होणारच. हात कुणाचा लागलाय!”

बंद अ‍ॅम्पमधून, त्यांच्याच आवाजात, हळूच प्रश्न आला, “कुणाचा?”