धक्क्याची तपासणी

धक्का कोसळला. अर्थात, तसं काही झालेलं नाही. अहवालात लिहिल्याशिवाय आमच्या खात्यात काहीच होत नाही.

होड्यांचा जुना धक्का पुन्हा बांधता येईल का, हे बघायला मी आणि साहेब, म्हणजे माझे सासरे, त्याच्या पार टोकाला गेलो होतो. मजबुती तपासायला साहेबांनी एक उडी मारली आणि किनाऱ्याकडचा सगळा भाग पाण्यात गेला. टोकावर आम्ही दोघं उरलो. भरती चढत होती, आणि पोहता एकालाही येत नव्हतं.

"अरे, होडी आण लवकर!" साहेब किनाऱ्यावरच्या नावाड्यावर ओरडले.

"कशी आणू? तपासणीआधी धक्क्याला होडी लावली म्हणून वल्ही तुम्हीच जप्त केलीत ना! हापिसात कुलपात आहेत. किल्ली फेका, आणतो."

साहेबांनी खिसा चाचपला. किल्ली होती.

"सरकारी किल्ली अशी फेकता येत नाही," ते म्हणाले.

पाणी गुडघ्याला लागलं. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला.

"जावईबापू, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.



"तपासणी पूर्ण होईपर्यंत भरती स्थगित ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."