तुम्ही व्हा पुढे

"तुम्ही व्हा पुढे, आम्हाला घाई नाही," म्हणत मी चौथ्या माणसाला पुढे सोडलं.

"आजी, मग त्या मगरीनं काय केलं?" नात मुक्तानं माझा पदर ओढला.

"काय करणार? माझ्या सासूबाईंची नथ घातली आणि बसली पंगतीत! सतरा जिलब्या खाल्ल्या."

"खोटं!"

"देवाशप्पथ! मी वाढल्यात."

एवढी महाग कॉफी प्यायला लोक रांग का लावतात, कोण जाणे. मला तर तो कडू काढा घशाखाली उतरत नाही. पण मुलाचा घटस्फोट झाला तेव्हा सुनेनं ठरवून दिलं, की महिन्यातून एकदा, एक कॉफी संपेपर्यंत मी नातीला भेटायचं. रांगेतला वेळ त्यात धरायचा, असं काही ती बोलली नव्हती. म्हणून मी त्या दोघींना ऐन गर्दीच्या वेळी बोलावते आणि मागून येईल त्याला पुढे सोडते. मागच्या महिन्यात पाऊण तास काढला होता.

तेवढ्यात गाडी लावून सून आत आली. "अहो आई, उभ्या कशाला? तुमचे गुडघे दुखतात ना? मी फोनवरूनच ऑर्डर दिली. तयार आहे बघा. आणि थंड मागवलीय, म्हणजे फुंकत बसायला नको."

तिनं ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी स्ट्रॉ तोंडात धरली आणि ओढल्याचं नुसतं सोंग केलं. मुक्ता ग्लासात वाकून बघत हसली. "आजी, तू पीतच नाहीयेस!"

सून खिडकीबाहेर बघत होती. "प्या आता, आई," ती म्हणाली.